आयन थ्रस्टरच्या प्लूमचं सिम्युलेशन: बेळगाव-खानापूरकडच्या नवशिक्यांसाठी

श्रावणात गोकाकला जाऊन आलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. घटप्रभेची मुख्य धार सरळ दरीत कोसळते, तिचा आपल्याला स्पर्शही होत नाही. तरी झुलत्या पुलावर पाच मिनिटं उभं राहिलं की अंगावरचा शर्ट ओला होतो, तो बाजूला उडणाऱ्या तुषारांनी. अवकाशयानाला विजेच्या जोरावर ढकलणाऱ्या इंजिनाचं, म्हणजे आयन थ्रस्टरचंही तसंच असतं. मागे सुटणारा वेगवान झोत यानापासून दूर निघून जातो. सौर पॅनेलवर, कॅमेऱ्याच्या भिंगावर, सेन्सरवर येऊन बसतात ते झोताच्या कडेने उडालेले मंद आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू. थ्रस्टरच्या मागे पसरणाऱ्या या सगळ्या पसाऱ्याला प्लूम म्हणतात. त्याचं सिम्युलेशन करायचं ते मुख्यतः या तुषारांसाठी, ही एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर अवलंबून आहे.

माझी दहावी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत झाली, पीयूसी आणि मेकॅनिकल बेळगावात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी हा विषय घेतला, तेव्हा मराठीत समजावून सांगणारं आसपास कोणी नव्हतं. इंग्रजी लेख होते, पण त्यांना प्लाझ्माची, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉनांच्या भारित वायूची, पायाभूत ओळख गृहीत असायची. जे कळायला मला दोन वर्षं लागली ते तुम्हाला दोन महिन्यांत कळावं म्हणून हे लिहितो आहे. बारावीचं भौतिकशास्त्र आणि थोडं पायथन येत असेल तर पुरे.

१. थ्रस्टरच्या आत काय चालतं ते आधी कागदावर काढा

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी एक चित्र काढा. एक डबा. त्यात झेनॉन वायू येतो. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने झेनॉनच्या अणूंमधला एकेक इलेक्ट्रॉन निघतो आणि धन आयन तयार होतात. डब्याच्या तोंडाशी बारीक छिद्रांच्या दोन जाळ्या. पहिली सुमारे हजार व्होल्टवर, दुसरी ऋण व्होल्टेजवर. आयन त्या दोन जाळ्यांमधून खेचले जाऊन प्रचंड वेगाने बाहेर पडतात. बाहेर एक न्यूट्रलायझर असतो, तो झोतात इलेक्ट्रॉन सोडतो. तसं केलं नाही तर यान ऋणभारित होऊन आयन परत मागे ओढले जातील.

इथे शब्दांचा एक घोळ आहे. इंग्रजीत थ्रस्टरच्या जाळीलाही ग्रिड म्हणतात आणि सिम्युलेशनच्या चौकटीलाही ग्रिड म्हणतात. माझे सुरुवातीचे कितीतरी दिवस यात गेले. आपल्याकडे सोय आहे: धातूची ती जाळी, आणि गणिताची ती मेश. वहीत कायम असंच लिहा.

सरावासाठी नासाचा एनस्टार थ्रस्टर घ्या. २४ ऑक्टोबर १९९८ ला उडालेल्या डीप स्पेस १ यानावर तो होता. २००७ मध्ये निघालेल्या डॉन यानावरही तोच, ज्याने व्हेस्टा आणि सेरेस या दोन्ही पिंडांना प्रदक्षिणा घातल्या. त्याचे आकडे उघडपणे उपलब्ध आहेत, आणि डीप स्पेस १ वर प्लूममधला मंद प्लाझ्मा मोजणारी उपकरणंही होती, म्हणजे पुढे ताडून पाहायला काहीतरी मिळतं. आपल्या इस्रोनेही ५ मे २०१७ ला सोडलेल्या जीसॅट-९ वर झेनॉनचं विद्युत प्रणोदन वापरलं. तिकडे जायची इच्छा असेल तरी शिकायची सुरुवात मात्र ज्याचे आकडे खुलेपणाने हाती येतात अशा थ्रस्टरवरच करा.

२. सामान आणि कागदपत्रं

- ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप. ग्राफिक्स कार्ड लागत नाही.
- पायथन, सोबत नमपाय, मॅटप्लॉटलिब आणि नंबा. चित्रं बघायला पॅराव्ह्यू. सगळं मोफत आहे.
- थ्रस्टरचा माहितीतक्ता: झोताचा व्होल्टेज, झोताचा करंट, जाळीचा व्यास, वायूचा प्रवाह, झोत किती अंशांनी फाकतो. यातला एखादा जरी आकडा नसेल तर सुरू करू नका.
- नासाचे तांत्रिक अहवाल. फुकट उतरवता येतात. एनस्टारवरचे निदान दोन वाचा.
- कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर गाइडच्या सहीचा सारांश, आणि लायब्ररीतून नियतकालिकं बघण्याची परवानगी. हे काम पहिल्याच आठवड्यात उरका. पुढे परीक्षांच्या गर्दीत सही मिळत नाही.
- दोनशे पानी वही. ही सगळ्यात महत्त्वाची.

तयार सॉफ्टवेअरही आहेत. युरोपातलं स्पिस, श्टुटगार्टचं पिकलास, आणि द्विमितीय कामासाठी स्टारफिश. ते वापरू नका असं मी म्हणणार नाही. पण आधी स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहा. तयार सॉफ्टवेअर चुकीच्या आकड्यावरही सुंदर रंगीत चित्र काढून देतं, आणि ते चुकीचं आहे हे ओळखण्याची नजर स्वतः लिहिल्याशिवाय येत नाही.

३. वहीत गणित: प्रोग्रामच्या आधी एक संध्याकाळ

ही पायरी मुलं टाळतात. मीही टाळली होती. टाळू नका.

झेनॉनच्या एका अणूचं वस्तुमान २.१८ गुणिले १० चा उणे २५ वा घात किलो. एनस्टार पूर्ण शक्तीवर चालताना आयन सुमारे ११०० व्होल्टमधून जातो. गतिज ऊर्जा म्हणजे भार गुणिले व्होल्टेज. त्यातून वेग काढला की सेकंदाला सुमारे ४० किलोमीटर येतो. बेळगावहून सुटलेला आयन सेकंद संपायच्या आत खानापूर ओलांडून जाईल.

आता जोर. झोताचा करंट १.७६ अँपिअर. करंटला आयनाच्या भाराने भागलं की सेकंदाला किती आयन बाहेर पडतात ते कळतं. त्याला वस्तुमान आणि वेगाने गुणलं की जोर सुमारे ९६ मिलिन्यूटन येतो. प्रत्यक्षात एनस्टारचा जोर ९२ च्या आसपास आहे. मधला फरक दोन कारणांनी पडतो: झोत थोडा फाकतो, आणि काही आयनांवर दोन भार असतात. हातच्या गणिताने इतक्या जवळ पोचलात म्हणजे तुमचे आकडे बरोबर आहेत. पुढे प्रोग्रामनेही हाच जोर द्यायला हवा. तो ५० किंवा २०० देत असेल तर चूक प्रोग्रामात आहे.

मग घनता. जाळीचा वापरात येणारा व्यास सुमारे २८ सेंटीमीटर धरा. क्षेत्रफळाने करंटला भागा, मग भार आणि वेगाने भागा. तोंडाशी एका घनमीटरमध्ये ४.५ गुणिले १० चा १५ वा घात इतके आयन येतात. हा आकडा ठळक लिहून ठेवा, पुढे चार ठिकाणी लागणार आहे.

शेवटी डेबाय लांबी. प्लाझ्मात एखाद्या भाराचा प्रभाव किती अंतरापर्यंत जाणवतो, ते ही लांबी सांगते. इलेक्ट्रॉनांचं तापमान इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये घ्या, त्याला घनतेने भागा, वर्गमूळ काढा आणि ७४३० ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येतं. २ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरले तर झोताच्या तोंडाशी डेबाय लांबी मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढी. मागे पॅनेलजवळ घनता १० चा १२ वा घात इतकी विरळ झाली की तीच लांबी एक सेंटीमीटर होते. एकाच चित्रात साठपट फरक. मेश ठरवताना हा फरक आड येतो, म्हणून आत्ताच माहीत असू द्या.

४. न दिसणारा ढग: उदासीन अणू

सगळा वायू आयन होत नाही. साधारण दहा टक्के झेनॉन तसाच, भाराविना, जाळीच्या छिद्रांतून बाहेर झिरपतो. चित्रात तो दिसत नाही, जोरात त्याचा हिशेब नगण्य. म्हणून नवशिके त्याला सोडून देतात. पण तुषार तयार होतात ते याच अणूंमुळे. हे अणू नसतील तर तुमच्या सिम्युलेशनमध्ये पॅनेलवर काहीच येणार नाही, आणि तुम्हाला वाटेल यान सुरक्षित आहे.

हे अणू मंद असतात. ५०० केल्व्हिन तापमानाला त्यांचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २८० मीटर. आयनांच्या ४० किलोमीटरसमोर ते जवळजवळ उभेच आहेत. त्यांना कणांसारखं चालवत बसाल तर एक मीटर जायला साडेतीन मिलिसेकंद लागतील आणि संगणकाचा सगळा वेळ त्यातच जाईल. त्याऐवजी सूत्र वापरा. गोल तोंडातून झिरपणाऱ्या विरळ वायूची अक्षावरची घनता, तोंडापासून झेड अंतरावर, तोंडाशी असलेल्या घनतेच्या 'एक वजा झेड भागिले (झेडचा वर्ग अधिक त्रिज्येचा वर्ग) याचं वर्गमूळ' इतकी पट असते. त्या बिंदूवरून थ्रस्टरचं तोंड किती मोठं दिसतं, त्या प्रमाणात घनता. अक्षाबाहेरच्या बिंदूंसाठीही हाच विचार करून एकदाच तक्ता बनवा आणि फाइलमध्ये ठेवा.

वर दिलेल्या आकड्यांनी तोंडाशी उदासीन अणूंची घनता सुमारे १.४ गुणिले १० चा १७ वा घात येते. म्हणजे आयनांच्या तीसपट! पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मला गणित चुकलं असंच वाटलं होतं. चुकलेलं नव्हतं. अणू संथ असल्यामुळे दाटी करून राहतात, यात्रेतल्या गर्दीसारखे.

सापळा: न्यूट्रलायझरमधूनही झेनॉन गळतो आणि त्यातलाही बराचसा आयन न झालेला असतो. तो ढग एका बाजूला असतो, मधोमध नाही. पहिल्या आवृत्तीत सोडलात तरी वहीत 'सोडला' असं लिहा.

५. मेश आणि कण

या पद्धतीला पार्टिकल-इन-सेल म्हणतात. जागेचे चौकोन करायचे, आयन हे कण म्हणून सोडायचे, प्रत्येक पावलाला (पाऊल म्हणजे काळाचा एक छोटा टप्पा) चौकोनातले कण मोजून घनता काढायची, घनतेवरून विद्युतक्षेत्र काढायचं, आणि त्या क्षेत्राने कणांना पुढे ढकलायचं. इतकंच चक्र आहे. ते हजारो वेळा फिरतं.

एक कण म्हणजे एक आयन नाही, एक कण म्हणजे कोट्यवधी आयनांचा गठ्ठा. गठ्ठ्यात किती आयन आहेत त्याला कणाचं वजन म्हणतात.

थ्रस्टर गोल आहे, म्हणून अक्ष आणि त्रिज्या अशी द्विमितीय मेश पुरते. एक मीटर लांब, एक मीटर त्रिज्या, चौकोन ५ मिलिमीटरचे: ४०,००० चौकोन. चौकोनाला सरासरी ३० कण धरले तर १२ लाख कण. मेमरी साठ एमबीच्या आत, लॅपटॉप सहज पेलतो. मागचा भाग विसरू नका. जाळीच्या मागे, यानाच्या अंगाकडे, निदान तीस-चाळीस सेंटीमीटर जागा मेशमध्ये हवी. तुषार तिकडेच जाणार आहेत. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रोजेक्टमध्ये मेश जाळीपासूनच सुरू होते आणि मागची बाजूच नसते.

एका पावलात कणाने एका चौकोनापेक्षा जास्त जाता कामा नये. ४० किलोमीटर वेगाला ५ मिलिमीटर म्हणजे १.२५ गुणिले १० चा उणे ७ वा घात सेकंद. तेव्हा पाऊल १० चा उणे ७ वा घात सेकंद ठेवा.

फॉर-लूपने एकेक कण ढकलू नका. पावलाला दहा सेकंद धरले तरी चार हजार पावलांना अकरा तास होतात. नमपायच्या रांगा वापरा, आणि ज्या ठिकाणी लूप टळत नाही तिथे नंबा.

६. इलेक्ट्रॉनांचं काय करायचं

इलेक्ट्रॉन झेनॉनपेक्षा सुमारे दोन लाख चाळीस हजार पट हलके. त्यांना कण म्हणून चालवायचं तर पाऊल इतकं बारीक करावं लागतं की आपल्या लॅपटॉपला ते झेपणार नाही. म्हणून त्यांना वायूसारखं धरतात आणि बोल्ट्झमनचा नियम लावतात: एखाद्या ठिकाणचं विभव (पोटेन्शियल) म्हणजे संदर्भ विभव अधिक इलेक्ट्रॉनांचं तापमान गुणिले घनतांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. झोतात आयन आणि इलेक्ट्रॉन यांची घनता सारखी मानली की भारांवरून विभव काढणारं पॉइसनचं समीकरण सोडवायचीही गरज राहत नाही. आयन मोजा, लॉग घ्या, विभव तयार.

सोपं वाटतं म्हणून इथेच गाफील राहतात. दोन गोष्टी जपा.

एक, तापमानाचा आकडा. घनता शंभरपट कमी झाली आणि तापमान २ इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल, तर विभव ९.२ व्होल्टने उतरतं. तापमान १ धरलं तर ४.६ ने. वेगवान आयनाला यातलं काहीच जाणवत नाही, त्याच्याकडे ११०० आहेत. पण मंद आयनाची सगळी कमाई हीच आहे. तो कुठे जाणार आणि किती जोराने आदळणार, हे या एका आकड्यावर ठरतं. म्हणून १, १.५ आणि २ अशा तिन्ही तापमानांना प्रोग्राम चालवा. एकच उत्तर देऊ नका, पट्टा द्या.

दोन, रिकामे चौकोन. जिथे एकही कण नाही तिथे घनता शून्य, आणि शून्याचा लॉग उणे अनंत. प्रोग्राम तिथेच कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोसळत नाही आणि शेजारच्या चौकोनात खोटं प्रचंड क्षेत्र तयार करतो. घनतेला खालची मर्यादा घाला. पॅनेलजवळ डेबाय लांबी सेंटीमीटरभर झाल्यावर सारख्या घनतेचं गृहीतकही टिकत नाही, तिथे पुढे कधीतरी पॉइसन सोडवावं लागेल. पहिल्या आवृत्तीला ते नको.

७. चार्ज एक्स्चेंज: प्लूमचा जीव

लोंढा जंक्शनवरून न थांबता जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. दारातल्या माणसाने हात बाहेर काढून फलाटावरच्या प्रवाशाच्या हातातली पिशवी उचलली. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. प्रवासी होता तिथेच उभा आहे, फक्त आता त्याच्याकडे पिशवी नाही. वेगवान आयन मंद अणूजवळून जाताना त्याचा इलेक्ट्रॉन असाच काढून घेतो. आयनाचा झाला वेगवान अणू, तो त्याच वेगाने सरळ निघून जातो आणि आता कुठलंही विद्युतक्षेत्र त्याला वळवू शकत नाही. मागे उरला एक मंद धन आयन. झोताचं विभव मध्यभागी उंच आणि कडेला उतरतं असतं, त्या उतारावरून हा आयन बाजूला घरंगळतो, आणि त्यातले काही मागे वळून यानाकडे येतात.

ही अदलाबदल किती वेळा होते ते काटछेदावर (क्रॉस-सेक्शन), म्हणजे आयनासमोर अणूचं लक्ष्य जणू किती मोठं आहे त्यावर अवलंबून असतं. झेनॉनसाठी प्रयोगांतून मिळालेलं सूत्र असं: ८७.३ वजा १३.६ गुणिले ऊर्जेचा दशमान लॉग. ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, उत्तर चौरस आंगस्ट्रॉममध्ये. ११०० ला सुमारे ४६ येतं. त्याला १० चा उणे २० वा घात लावून चौरस मीटर करा. हा घात विसरलेले प्रोजेक्ट मी स्वतः तपासले आहेत.

एका पावलात एका कणाची अदलाबदल होण्याची शक्यता काढायला उदासीन घनता, काटछेद, वेग आणि पावलाचा काळ यांचा गुणाकार करा. आपल्या आकड्यांनी तोंडाशी ती चार हजारांत एक येते. एवढी लहान शक्यता असताना फासे टाकून कण बदलत बसलात तर मंद कण मोजकेच तयार होतील, त्यातले मागे येणारे हाताच्या बोटांवर, आणि पॅनेलवरचा आकडा प्रत्येक वेळी वेगळा निघेल. उपाय असा: मंद आयनांची वेगळी जात करा. प्रत्येक चौकोनात दर सेकंदाला किती तयार होतात ते आयनघनता, अणुघनता, वेग आणि काटछेद यांच्या गुणाकाराने काढा, आणि तितके कण दहा-वीसपट हलक्या वजनाचे टाका. त्यांचा सुरुवातीचा वेग अणूंचा, ५०० केल्व्हिनचा, सगळ्या दिशांना. झोताच्या कणांना हात लावू नका, त्यांची घट नगण्य आहे.

किती नगण्य, तेही वहीत करून बघा. मघाचं घनतेचं सूत्र अक्षावर तोंडापासून अनंतापर्यंत मिळवलं तर बेरीज नेमकी त्रिज्येइतकी येते, म्हणजे १४ सेंटीमीटर. घनता गुणिले काटछेद गुणिले ०.१४ : ०.००९. शंभर आयनांत जेमतेम एक. करंटमध्ये पंधरा-सोळा मिलिअँपिअर. प्रोग्रामची एकूण मंद आयनांची बेरीज याच्या आसपास यायलाच हवी. माझ्या मते या लेखातली ही सगळ्यात उपयोगी पडताळणी आहे. ती जमली की निम्म्या चुका आपोआप बाहेर पडतात.

८. किती वेळ चालवायचं

झोत एक मीटर पार करतो २५ मायक्रोसेकंदांत, म्हणजे आपल्या २५० पावलांत. तीनशे पावलांनंतर चित्र स्थिर दिसतं. माझ्या पहिल्या रिव्ह्यूला मी तिथेच थांबलो होतो. पॅनेलवरचा करंट शून्य दाखवला आणि निष्कर्ष लिहिला की धोका नाही. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "मंद आयन तिथे पोचायला किती वेळ लागतो, काढलंत का?" मी काढलं नव्हतं. त्या रात्री वहीत काढलं: ५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा झेनॉन सेकंदाला २.७ किलोमीटर जातो, मीटरभर जायला ०.३७ मिलिसेकंद, म्हणजे ३७०० पावलं. मी तुषार उडायच्या आधीच छत्री मिटली होती. तो प्रश्न आजही मी प्रत्येक मुलाला विचारतो.

म्हणून सहा हजार पावलं चालवा आणि स्थिरता ठरवताना मंद जातीच्या कणांची संख्या बघा, एकूण नव्हे. ती सपाट झाल्यावर पुढच्या दोन हजार पावलांची सरासरी घ्या.

दर पाचशे पावलांना सगळी स्थिती फाइलमध्ये साठवा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तिथल्या पावसात रात्रभर वीज टिकेल असं धरून चालता येत नाही. यादृच्छिक आकड्यांचा बीजांकही (सीड) साठवा, म्हणजे तोच निकाल पुन्हा काढता येईल.

९. अक्ष आणि सीमा

गोल मेशमध्ये अक्षालगतच्या चौकोनाचं घनफळ फार लहान असतं. तिथे कण कमी पडतात आणि घनतेत काटे उठतात. घनफळ वर्तुळाकार कड्यांचं काढा, सपाट चौकोनांचं नाही. कण अक्ष ओलांडून गेला तर त्रिज्या ऋण होऊ देऊ नका. त्याला क्षणभर त्रिमितीत हलवा आणि परत फिरवून पातळीत आणा, वेगासकट.

बाहेरच्या सीमेवर विभव शून्य असं घट्ट बांधू नका, तिथे खोटा उतार तयार होऊन मंद आयन बाहेर खेचले जातात. उतार शून्य ठेवा. मग मेश दीडपट मोठी करून पुन्हा चालवा. पॅनेलवरचा करंट बदलला तर पहिली मेश अपुरी होती.

१०. प्रयोगाशी ताडताना

जमिनीवरच्या चाचण्या निर्वात टाकीत होतात, आणि टाकी कधीच पुरती रिकामी नसते. समजा टाकीत १० चा उणे ५ वा घात टॉर इतका दाब आहे. ऐकायला नगण्य. पण खोलीच्या तापमानाला त्याची घनता ३.२ गुणिले १० चा १७ वा घात निघते, आपल्या तोंडाशी असलेल्या ढगाच्या दुपटीहून जास्त. आणि ती अंतरासोबत कमी होत नाही, सगळीकडे सारखी असते. एका मीटरात शंभरातले सुमारे चौदा आयन अदलाबदल करतात. अवकाशात एक, टाकीत चौदा. तुमचं अवकाशाचं उत्तर टाकीच्या मोजमापाशी जुळलं नाही म्हणून निराश होऊन काटछेद वाढवू नका. उदासीन घनतेत टाकीचा वायू मिळवा आणि पुन्हा चालवा. टाकीशी जुळल्यावर तो वायू काढून अवकाशाचं उत्तर द्या. क्रम हाच.

११. अहवालात काय लिहायचं

झोताचं निळं चित्र मुखपृष्ठाला ठेवा, त्याचं तेवढंच काम आहे. आत पहिला तक्ता द्या तो मंद आयनांचा: पॅनेल कुठे धरलं, त्यावर चौरस मीटरला किती करंट, आदळताना ऊर्जा किती. तिन्ही तापमानांसाठी. पॅनेलचा व्होल्टेज शंभरच्या घरात असेल तर पॅनेलच्या ऋण टोकाशी आयन आणखी जोराने खेचला जातो आणि पृष्ठभाग हळूहळू झिजतो, तेही लिहा. जाळीच्या झिजेतून उडालेला मॉलिब्डेनम पॅनेलवर बसतो तो वेगळा विषय आहे, पण त्याची एक ओळ असू द्या. परीक्षक तो प्रश्न विचारतातच.

हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये विमानांचे सुटे भाग बनतात. आपल्याकडच्या मुलांना मशीनवरचा मायक्रॉन कळतो. तीच काटेकोरी इथे आकड्यांच्या मागच्या गृहीतकांना लावा. प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला, काढलेला की धरलेला, हे एका शब्दात लिहा. मुलाखतीत या एका स्तंभावर अर्धा तास बोलता येतं.

एवढं झाल्यावर हॉल थ्रस्टरकडे, म्हणजे जाळीशिवाय आयन ढकलणाऱ्या थ्रस्टरकडे वळा. एसपीटी-१०० घ्या: ३०० व्होल्ट, ४.५ अँपिअर. आयनांचा वेग जवळपास निम्मा, काटछेद ५४ च्या आसपास, तोंड कड्याच्या आकाराचं आणि लहान, म्हणून अणूंची दाटी जास्त. झोतही बराच फाकलेला. प्रोग्राम तोच चालेल. वहीत नवं पान काढा आणि पायरी ३ पासून सुरू करा.